राखणदाराच्या तोंडातले काटे

जंगलालगतच्या वाड्यांमध्ये, मग त्या सिंधुदुर्गातल्या असोत, आजरा-चंदगडकडच्या असोत की गोव्याच्या सत्तरीतल्या, अशी एखादी सकाळ उजाडतेच. कडी काढून दार उघडावं, तर पडवीच्या कोपऱ्यात घरचा कुत्रा बसलेला. नाकावर, ओठांत, जिभेत, छातीत काळे-पांढरे काटे रुतलेले. तोंड मिटत नाही, लाळेबरोबर रक्त गळतंय. पंजाने काटे काढू पाहतो, तसे ते आणखी आत जातात. हाक मारली की शेपटी मात्र हलवतो. साळिंदराशी गाठ पडली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बघताक्षणी कळतं.

रात्री काय झालं असेल, ते सांगायला साक्षीदार लागत नाही. साळिंदर, कोणी त्याला साळ म्हणतं, कोणी सायाळ, दिवसभर बिळात पडून असतं आणि अंधार झाला की चरायला निघतं. सुरण, रताळी, भुईमूग, माडाचं कोवळं रोप, त्याला काहीच वर्ज्य नाही. गडग्याच्या खिंडारातून ते परड्यात शिरतं, कुत्र्याला वास लागतो, आणि घरातली माणसं कूस बदलून पुन्हा झोपेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

साळिंदर भांडखोर मुळीच नाही. उंदीर-खारींच्या गणातला, कंद उकरून पोट भरणारा हा प्राणी. नर-मादी जोडीने राहतात, पिल्लांनाही दोघं मिळून सांभाळतात. शत्रू समोर आला की ते आधी बजावून सांगतं. अंगावरचे काटे फुलवतं, शेपटीवरचे पोकळ काटे खुळखुळवतं, पाय आपटतं, फुत्कारतं. एवढं करूनही समोरचा हटला नाही, तरच पाठ फिरवून उलट्या पावलांनी मुसंडी मारतं. ते काटे फेकून मारतं असं आपल्याकडे अजून सांगतात, ते खरं नाही. काटा म्हणजे जाड, कडक झालेला केसच. कातडीत तो सैल बसलेला असतो, म्हणून धडक बसली की शत्रूच्या अंगात राहून जातो. मानेवरचे लांब काटे दिसायला भयंकर, पण खोल जखमा करतात ते मागच्या बाजूचे आखूड, ताठ काटे.

जिम कॉर्बेट यांनी कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरच्या वाघिणीची हकिगत लिहून ठेवली आहे. साळिंदराशी झालेल्या झटापटीत तिचा एक डोळा गेला, पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले, नेहमीची शिकार जमेना आणि ती माणसांवर आली. तिने २४ माणसं मारली. वाघिणीची ही गत, तिथे आपल्या मोत्याची काय कथा?

पण वाघीण निदान स्वतःच्या पोटासाठी गेली होती. मोत्या कशासाठी जातो? त्याला सुरण खायचा नसतो, ना भुईमूग. परडं आपलं, पीक आपलं. उरलेला भात, भाकरीचा तुकडा आणि डोक्यावरून फिरलेला हात, एवढ्यावर त्याने ते आपलं मानलेलं असतं. पकडायचं, अडवायचं, हुसकायचं, सगळं त्याला तोंडानेच करावं लागतं, म्हणून काटेही नेमके तोंडातच शिरतात. एकदा लागले म्हणजे शहाणा होईल, असंही समजू नये. पुष्कळ कुत्रे पुन्हा त्याच वाटेने जातात. त्याला मूर्ख म्हणणं मला फार निष्ठुर वाटतं. राखण हे त्याचं कामच आहे आणि ते काम आपणच त्याला दिलेलं आहे.

हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. बिबट्या आधी मानेला धरतो, हे ओळखून केलेली ही सोय. कळप कुत्र्याच्या हवाली करताना त्याच्या मानेची काळजी त्यांनी स्वतःकडे ठेवली. साळिंदरापुढे असा पट्टा कामाचा नाही, पण ती काळजी आपल्याला नक्की उचलता येईल.

काटे भरून कुत्रा आला की बहुतेक घरांत पहिली धावाधाव पक्कड शोधण्याची होते. दोघं धरतात, एक जण ओढतो, वर हळद भरतात. यात माया असते, पण उपचार होत नाही. वेदनेने वेडा झालेला कुत्रा धन्यालाही चावतो, ओढाताणीत काटा मोडतो आणि टोक आत राहतं. काटा कापला की सैल होतो, हाही गैरसमजच. कापलेला काटा फुटतो आणि धरायला जागा उरत नाही. अमेरिकेतल्या साळिंदराच्या काट्याला टोकाशी बारीक उलटे आकडे असतात, त्यामुळे तो आत आत सरकत जातो. आपल्याकडचा काटा त्या मानाने गुळगुळीत, पण जाड आणि कडक. छातीत घुसला तर फुप्फुसापर्यंत पोचू शकतो. शिवाय दिसतात तेवढेच काटे असतील असं नाही. जिभेखाली, टाळूला, बोटांच्या बेचक्यात बघावं लागतं, आणि ते नीट बघायचं तर कुत्र्याला गुंगीचं औषध द्यावं लागतं. हे काम जनावरांच्या डॉक्टरचंच. कॅनडातल्या पशुवैद्यांनी काटे लागलेल्या २९६ कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. जखमेनंतर २४ तास उलटून गेल्यावर आणलेल्या कुत्र्यांमध्ये गुंतागुंतीचा धोका लक्षणीय वाढलेला त्यांना आढळला. तो अभ्यास तिकडच्या साळिंदरांचा असला, तरी पू होणारी जखम कुठल्याही मुलखात वाट बघत नाही. तालुक्याचा दवाखाना लांब आहे, आज लावणी आहे, उद्या बाजार आहे, या अडचणी खऱ्याच. तरीही आजची जखम उद्यावर टाकू नये.

आणि एक गोष्ट बोलायलाच हवी. काही ठिकाणी कुत्रे रात्री मुद्दाम साळिंदराच्या बिळावर घातले जातात, मटणासाठी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा आहे. पण कायदा नसता, तरी मला ती अमानुषच वाटली असती. बिळातल्या जिवाला पळायला वाट नाही आणि बाहेरच्या जिवाला धन्याचा शब्द मोडता येत नाही. दोघांचंही रक्त आपल्या एका हाकेने सांडतं.

तेव्हा आज दिवस मावळला की कुत्र्याला आत घ्या. रात्री तो परड्याकडे तोंड करून भुंकला, तर दार उघडून त्याला सोडू नका. पडवीतला दिवा लावा, आवाज करा, साळिंदर आपल्या वाटेने जाईल. गडग्याचं खिंडार उद्या उजेडी बुजवा. आणि इतकं करूनही एखाद्या सकाळी तो काटे घेऊन दारात आलाच, तर पक्कड शोधू नका. डॉक्टरला फोन करा आणि गाडी काढा.