तुमच्या खेळात गणित कुठे आहे?

बसा. दिवे लावा आणि तो प्रोजेक्टर आधी बंद करा. सुरुवातीचं अ‍ॅनिमेशन फार देखणं झालंय, हे तुम्ही स्वतःच तीनदा सांगून झालं, तेव्हा माझ्याकडून चौथ्यांदा ऐकायची अपेक्षा ठेवू नका. राक्षसाची शेपटी हलवायला किती रात्री जागलात तेही कळलं. आता मी काय पाहिलं ते ऐका.

परवा शाळेत खेळ दाखवायला गेलो, तेव्हा तुम्ही सगळे भिंतीकडे उभे राहून केबल सांभाळत होतात आणि फोटो काढत होतात. मी मुलांच्या शेजारी बसलो होतो. चौथीतल्या एका मुलीनं सुरुवातीचे काही प्रश्न नीट वाचले. मग वाचणं सोडून दिलं. का सोडणार नाही? सात आठेसाठी तुम्ही पर्याय दिलेत ५६, १२, ९१ आणि ३. पाढा न येणारं मूलही यातून उत्तर हुडकेल. आणि चुकलं तर काय होतं? बझर वाजतो, स्क्रीन लाल होते, पुन्हा तेच चार पर्याय. पोरीनं चारही बटणं ओळीनं दाबली आणि राक्षस पळाला. तुमच्या अहवालात याची नोंद आहे, ‘विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’. प्रतिसाद उत्स्फूर्त होता, खरंच. फक्त गणिताला नव्हता.

तुमच्या खेळात गणित म्हणजे टोलनाका आहे. गाडी मजेत धावते, नाका येतो, उत्तर भरायचं आणि सुटायचं. नाक्यावर रमणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एक करून बघा. गणिताचे प्रश्न काढा आणि तिथे राज्यांच्या राजधान्या घाला. खेळात एक ओळ तरी बदलावी लागते का? नाही ना? मग शीर्षकातला ‘गणित’ हा शब्द कशाच्या जोरावर ठेवलात?

‘सर, असेच असतात शैक्षणिक गेम’ असं मघाशी कोणीतरी पुटपुटलं. संदर्भसाहित्याचं प्रकरण दहा पानांचं लिहिलंत, त्यात एकानंही मूळ कामं उघडून पाहिलेली दिसत नाहीत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची संगणक-प्रणाली होती. १९७०च्या दशकात तिच्यावर एक शर्यतीचा खेळ होता, ‘हाउ द वेस्ट वॉज वन’. खेळाडूला तीन आकडे मिळायचे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, कंस, काय हवं ते वापरून त्यांची एक राशी मांडायची आणि तिची किंमत येईल तितकी घरं पुढे जायचं. दर दहा घरांवर एक गाव. गावात नेमके पोचलात तर उडी थेट पुढच्या गावात. समजा तुम्ही ३३वर आहात आणि आकडे आले १, २, ३. हावरा खेळाडू (१ + २) × ३ करून ९ मिळवतो आणि ४२वर जातो. विचार करणारा १ + २ × ३ करतो, ७ मिळवतो, ४०च्या गावात उतरतो आणि ५०वर पोचतो. कंस कुठे घालायचा, यावर शर्यत जिंकली किंवा हरली जाते. इथून गणित काढून दाखवा. खेळच उरत नाही. आणि तुमच्या मोबाइलपुढे प्लेटोचा तो संगणक काहीच नव्हता.

त्याच प्रणालीवरचा शॅरन डगडेल आणि डेव्हिड किबी यांचा ‘डार्ट्‌स’ पाहा. संख्यारेषेवर फुगे बांधलेले. फुगा कुठे आहे ते अपूर्णांकात लिहायचं आणि बाण बरोबर त्या संख्येवर जाऊन बसणार. चुकलात तर बझर नाही, राक्षस नाही. बाण तिथेच रुतून राहतो. २/३ लिहिलं आणि बाण फुग्याच्या जरा वर लागला, तर मुलाला दिसतं की थोडं कमी हवं. ३/५ लिहून पाहू. चूकच पुढचा इशारा देते. तुमचा बझर काय इशारा देतो? ‘तू मूर्ख आहेस’, एवढाच.

पुरावा हवा असेल तर तोही आहे. इंग्लंडमध्ये हॅबगूड आणि एन्सवर्थ यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या खेळात छातीवर संख्या लिहिलेले सांगाडे येतात. ज्या संख्येनं नि:शेष भाग जातो ते शस्त्र उगारलं तरच सांगाडा पडतो. याच खेळाचा दुसरा अवतार असा, की लढाईत गणित नाही, तेच प्रश्न पातळी संपल्यावर वेगळे विचारायचे, म्हणजे तुमच्यासारखं. पहिल्या प्रकारात मुलं जास्त शिकली. आणि कुठला खेळायचा हे मुलांवर सोडलं, तेव्हा त्यांनी पहिल्यावर सातपट वेळ घालवला. तुमच्या अहवालात हा अभ्यास नाही. फुकटचे आयकॉन मिळणाऱ्या चार संकेतस्थळांची यादी मात्र आहे.

आता तुमच्या कोडकडे येतो. इथे मला खरा राग आला आहे, कारण हे मी पहिल्या वर्षाला शिकवलंय. सहावीतल्या मुलानं ०.१ + ०.२चं उत्तर ०.३ लिहिलं आणि तुमच्या खेळानं त्याला चूक ठरवलं. संगणक ०.१ द्विमान पद्धतीत पुरता साठवू शकत नाही, बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, आणि तुम्ही सरळ बरोबरचं चिन्ह टाकून मोकळे झालात. पोरगा बरोबर, यंत्र चूक, आणि शिक्षा पोराला. दशांशच पूर्णांकात मोजले असते, १ आणि २ मिळून ३, तर ही वेळ आली नसती. दुसऱ्या मुलीनं १/२ऐवजी २/४ लिहिलं, तेही चूक, कारण तुम्ही संख्या तपासत नाही, अक्षरं जुळवता. तिसरीच्या वर्गाला १७ ÷ ५ विचारलंत आणि ३.४ हे उत्तर धरलंत. तिसरीतलं मूल भागाकार ३, बाकी २ असं सांगतं, आणि ते बरोबर आहे. पाठ्यपुस्तक एकदा चाळायलाही वेळ नव्हता?

पातळ्यांचं तर विचारूच नका. तुमच्या लेखी आकडा मोठा म्हणजे प्रश्न अवघड. म्हणून ‘सोप्या’ पातळीवर ४७ + ३८ आणि ‘अवघड’ पातळीवर ४०० + ३००! हातचा कुठे येतो, मध्ये शून्य कुठे आहे, दशक कुठे सुटा करावा लागतो, यावर अवघडपणा ठरतो. रँडम फंक्शनला हे कळत नाही. तुम्हाला कळायला हवं होतं.

आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे तुम्ही मुलांची चुकीची उत्तरं फेकून दिलीत. साठवलीसुद्धा नाहीत. फक्त बरोबर किती, चूक किती. अरे, ५२ − २७चं उत्तर एखादं मूल ३५ लिहितं, तेव्हा ते अंदाजपंचे लिहीत नाही. ते प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं, सातातून दोन, पाचातून दोन. त्याच्याकडे नियम आहे, तो चुकीचा आहे इतकंच. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली वजाबाकीच्या अशाच चुकांचा कसून धांडोळा घेतला आणि दाखवलं की मुलांच्या चुका बऱ्याचदा पद्धतशीर असतात. त्यांनी त्यावर एक संगणकी खेळही केला होता. त्यात संगणक चुकणाऱ्या विद्यार्थ्याचं सोंग घ्यायचा आणि होऊ घातलेल्या शिक्षकांनी त्याची चूक ओळखायची. तो आज मी तुम्हालाच खेळायला लावला तर निम्मे नापास व्हाल.

म्हणून पर्याय देताना २५च्या शेजारी ३५ ठेवा. मूल दोनदा-तीनदा त्याच जातीची चूक करू लागलं, की खेळानं दशक सुटा करून दाखवायचा. ०.८पेक्षा ०.३५ मोठं म्हणणारी मुलं आहेत, कारण ३५ आठापेक्षा मोठे. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारी आहेत, कारण मराठीत आधी तीन ऐकू येतात. याच कारणासाठी संख्या वाचायची पद्धत बदलली म्हणून २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावर केवढा गदारोळ झाला, तो तुम्ही घरोघरी ऐकला असेल. पण तुमच्या खेळातली बाई बोलते इंग्रजीत, ‘सेव्हन इन्टू एट’, आणि तेही मराठी माध्यमाच्या शाळेत!

प्रत्येक प्रश्नावरचं ते पाच सेकंदांचं घड्याळ काढून टाका. पाढे पाठ हवेतच, त्याबद्दल माझं दुमत नाही. वेगाचा सरावही हवा, पण समजल्यानंतर. न समजलेल्याला घाईला लावलं तर तो बटणं बडवतो, ते आपण पाहिलंच. आणि मदत देतानाही सतत तोंड उघडू नका. बर्टन आणि ब्राउन यांनी त्या शर्यतीच्या खेळासाठी जो संगणकी मार्गदर्शक केला, त्याला लागोपाठ दोन खेळ्यांवर बोलायची मनाई होती.

सोमवारी येताना लॅपटॉप घरी ठेवा. पुठ्ठा, फासे आणि पेन्सिल आणा. त्याच शाळेत जा, गुरुजींची परवानगी घ्या आणि चौथीच्या वह्यांतल्या चुकलेल्या वजाबाक्या उतरवून आणा. प्रत्येकीसमोर मूल काय विचार करत होतं ते लिहा. मग पुठ्ठ्यावर असा खेळ मांडा, ज्यात गणित केल्याशिवाय सोंगटी हलणार नाही. तो मुलांसोबत खेळून दाखवलात की कोड लिहायला परवानगी मिळेल. तोवर तुमच्या प्रकल्पाच्या वहीवर मी सही करणार नाही.