न दिसणे आणि नसणे

एखादी वस्तू दिसली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे म्हणता येते का, हा भारतीय प्रमाणशास्त्रातला जुना वाद आहे. कुमारिल भट्टाच्या मीमांसेने आणि पुढे अद्वैत वेदान्ताने ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण त्याला योग्यतेची अट घातली. लख्ख उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात तसे म्हणता येत नाही. घडा असता तरी तो दिसला नसता.

संगणकाकरवी लाखो संदेश चाळून समाज काय बोलतो हे सांगणारे संज्ञापन-संशोधन ही अट फार सहज विसरते. उदाहरणार्थ, सहस्रकुंड धबधब्याजवळचे इस्लापूर ज्या किनवट तालुक्यात आहे, तिथे मराठीसोबत गोरमाटी (म्हणजे लमाणी-लंबाडी), गोंडी, कोलामी, तेलुगू कानावर पडते. 1956 पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. आणि ब्रिटिशकाळातले ग्रियर्सनचे भाषा-सर्वेक्षण हैदराबाद संस्थानात गेलेच नाही. 2011 च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी ही मातृभाषा सांगणारे देशभरातले 32 लाखांहून अधिक लोक हिंदीच्या गटात धरले गेले.

तोच कित्ता आता यंत्र गिरवते. भाषा ओळखणाऱ्या ज्या प्रणालीला गोरमाटी शिकवलेलीच नाही, ती देवनागरीतला गोरमाटी मजकूर शिकवलेल्या भाषांपैकी एकीच्या खाती टाकते किंवा कचरा म्हणून वगळते. मराठीचीही गत फार बरी नाही. ‘लई भारी’ हे मनापासूनचे कौतुक. पण मजकुराचा सूर मोजणाऱ्या, हिंदी बातम्यांवर पोसलेल्या शब्दसूचीत ‘भारी’ हा ‘नुकसान’च्या शेजारी बसतो. तांड्यावरची आजी तर टाइपच करत नाही, नातवाच्या फोनवरून आवाजी निरोप धाडते. तो खाजगी गटात राहतो, आणि संशोधकाची नजर उघड्या मंचांपुरती. 2023 मध्ये ट्विटरने संशोधकांची मजकूर मिळवण्याची मोफत वाटही बंद केली.

या क्षेत्राचे निकष कडक आहेत, तरी ते इथे अपुरे पडतात. दोन जणांनी तोच मजकूर स्वतंत्रपणे वर्गवारीत लावला आणि त्यांचे एकमत मोजणारा क्रिपेनडॉर्फचा अल्फा 0.80 च्या वर गेला, की काम विश्वासार्ह ठरते. दोघांनाही गोरमाटी येत नसेल, तर दोघे एकाच जागी चुकतील आणि अल्फा चढाच राहील. म्हणून सर्वसमावेशकतेला सौजन्याच्या खात्यात टाकणे चुकीचे आहे. योग्यतेची अट तिच्यावाचून पुरी होत नाही. कोणत्या भाषा तपासल्या, किती मजकूर ‘अनोळखी’ म्हणून टाकला, वर्गवारी करणाऱ्यांत त्या भाषा घरात बोलणारे कोणी होते का, हे निष्कर्षाच्या आधी छापले गेले पाहिजे. ती नोंद नसेल, तर ‘इस्लापूरकडे या विषयावर चर्चा नाही’ हे वाक्य लिहिण्याचा अधिकार त्या अभ्यासाला उरत नाही.