लेखक शाळेत यावा

फुरसुंगीचा काटकुळा बनेश फेणे. सायकलवर स्वार, आश्चर्य वाटलं की 'ट्टॉक्' करणारा. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) घडवलेला हा फास्टर फेणे मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांचा सवंगडी झाला.

याच भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठीत आणल्या. व्हर्नने १८६५ मध्येच कादंबरीतले तीन प्रवासी फ्लोरिडातून चंद्राकडे धाडले होते. १९६९ मध्ये अपोलो ११ मधले तिघेही फ्लोरिडातूनच उडाले. उड्डाणाचा इतिहास मुलांना सांगायला याहून रसाळ सुरुवात कुठली?

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याच्या आश्रमशाळांतल्या मुलांना विमान दिसतं ते सागवानाच्या शेंड्यांवरून, उंच आभाळात. त्यांच्यापर्यंत अशा गोष्टी सांगणारा लेखक पोहोचायलाच हवा. शिक्षकांनो, त्याला बोलावणं धाडा. आणि तो येईपर्यंत आजच्या परिपाठात फास्टर फेणेची एक गोष्ट मोठ्यानं वाचा.