मौन कोणते धरावे?

सज्जनहो, आपण पताका खांद्यावर घेऊन मोकळेपणे पंढरीस जातो. तिबेटात मात्र दलाई लामांची तसबीर घरात ठेवण्यासही बंदी आहे. १९५९ साली ते भारतात आले. त्यांच्या मागोमाग आलेल्यांची एक वसाहत आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ आहे. कोणी म्हणेल, ‘आपल्या बोलण्याने चीनची सत्ता थोडीच हलणार?’ न हलो. स्वतःच्या दुःखावर मौन धरले तर ते व्रत. दुसऱ्याच्या दुःखावर धरले तर ते भय. चिनी माणसाचा द्वेष नको, त्याच्याही अंतरी हरीच आहे. पण अन्यायाला अन्याय म्हणावे. १० मार्चला तिबेटी लोक ल्हासातील उठावाचे स्मरण करतात. त्या दिवशी हरिपाठ झाल्यावर त्यांच्या स्वातंत्र्यासाठी दोन शब्द उघड बोलावेत. वाणी देवाने दिली ती त्यासाठीही.