बंदूक घेण्यापूर्वी



धान निसवू लागले की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मिस्सा आटोपल्यावर कोणी तरुण शेतकरी थोडा बाजूला येऊन विचारतो, "फादर, पहिली बंदूक घ्यायची म्हणतो. परवडेल अशी कोणती? तिच्यावर दुर्बीण बसते का?" विचारणारा हौशी शिकारी नसतो. आदल्या रात्री रानडुकरांचा कळप त्याच्या बांधीत शिरलेला असतो, नाहीतर रोह्यांनी तुरीचे शेंडे खाल्लेले असतात. चार महिन्यांचे कष्ट चार तासांत मातीत गेलेले असतात. प्रश्न वरवर बाजाराचा वाटतो, परंतु आत तो नीतीचा आहे. म्हणून या रविवारी त्याचा थोडा सविस्तर विचार करू.

प्रथम सरळ प्रश्नाचे सरळ उत्तर. आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला परवान्यावर मिळणाऱ्या लांब बंदुका म्हणजे मुख्यतः बारा बोअरची बंदूक आणि सरकारी कारखान्यात बनणारी .३१५ रायफल. लष्करी मापाची .३०३ रायफल निषिद्ध गटात मोडते. परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो आणि पीकसंरक्षण हे त्यासाठी मान्य कारण आहे. परंतु आपल्या भागात आणखी एक अट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय शस्त्राचा नवा परवाना देता येत नाही. अंधारी, चपराळा, भामरागड ही नावे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आपल्यापैकी किती गावांना ही अट लागू होते ते ध्यानात येईल.

परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली असेही नाही. एकेकाळी याच चांदा जिल्ह्याच्या जंगलात शिकारीसाठी ब्लॉक राखून ठेवलेले असत. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवाने संपले. आज रानडुक्कर मारायचे तर पिकाचे नुकसान दाखवून वनखात्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. काही घरांतून मुलांनी छर्‍याची एअरगन मागवलेली आम्ही पाहिली आहे. ठराविक ताकदीपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण तिने होला, तितर किंवा ससा मारला तर तोही शिकारीचाच गुन्हा ठरतो. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सरकारने लोकांना एअरगन परत करण्याचे आवाहन केले, तेव्हा दोन हजारांहून अधिक लोकांनी त्या आणून दिल्या. रानातले पाखरू कमी झाले आहे हे त्यांनाही दिसत होते.

आता नीतीचा प्रश्न. जनावर मारणे हेच मुळात पाप आहे काय? ख्रिस्तसभा तसे शिकवत नाही. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास तिने कधी मनाई केलेली नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा प्रश्न घेतला आणि प्राणी माणसाच्या उपयोगासाठी आहेत, त्यांना मारणे स्वभावतः पाप नव्हे, असे उत्तर दिले. त्याबरोबर त्यांनी एक इशाराही दिला. जो प्राण्यांशी क्रूरपणे वागतो त्याचा हात क्रौर्याला सरावतो आणि तोच हात पुढे माणसावर उठतो. पोप फ्रान्सिस २०१५ मध्ये 'लाऊदातो सी' या परिपत्रकात याच्या पुढे गेले. सृष्टीवरची माणसाची सत्ता ही मालकाची मनमानी नव्हे, प्रत्येक जिवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे, असे त्यांनी बजावले. शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्यूबर्ट यांची आख्यायिकाही हेच सुचवते. हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि त्यांनी शिकार सोडली. त्यांचा सण ३ नोव्हेंबरला येतो, म्हणजे नेमका आपल्याकडे धान पिकण्याच्या दिवसांत.

तेव्हा भुकेल्या घराचे पीक वाचवण्यासाठी रानडुक्कर मारणे हे मुळात पाप नाही. मग प्रश्न उरतो तो साधनाचा आणि जबाबदारीचा. येथे आपल्याला एका अवघड गोष्टीकडे पाहावे लागेल.

आपल्या गावांत सर्वांत स्वस्त हत्यार बंदूक नाही. सर्वांत स्वस्त हत्यार तार आहे. खांबावर आकडा टाकायचा, शेताभोवती उघडी तार फिरवायची, करंट सोडायचा आणि घरी जाऊन झोपायचे. यासाठी परवाना लागत नाही, दुर्बीण लागत नाही, जागरणही लागत नाही. पण त्या तारेला डोळे नाहीत. ती डुकराला मारते, तशीच वाघाला मारते, शेजाऱ्याच्या बैलाला मारते आणि पहाटे पाणी बघायला निघालेल्या माणसालाही मारते. अशा तारांना चिकटून आपल्या विदर्भात माणसेही गेली आहेत. तार लावणारा म्हणतो, "मी काही मुद्दाम केले नाही." खरी गोम येथेच आहे. मुद्दाम करण्याच्या वेळी तो तेथे नव्हताच. निर्णय त्याने तारेवर सोपवला होता, आणि तार निर्णय घेत नाही. कायद्याच्या आधीच विवेकाने हे साधन नाकारले पाहिजे.

या तुलनेत बंदूक बरी, असे कोणी म्हणेल तर त्यात तथ्य आहे. बंदुकीमागे माणूस असतो. तो पाहतो, ठरवतो, आणि चाप ओढतो तेव्हा ती कृती त्याच्या नावावर जमा होते. नीतिशास्त्रात ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु म्हणूनच त्या माणसाने किती पाहिले हा प्रश्न टाळता येत नाही.

दुर्बिणीचेच घ्या. दुकानात तिच्यावर ३-९×४० असे आकडे दिसतात. पहिले आकडे लक्ष्य किती पट मोठे दिसेल ते सांगतात, शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. तरुणाला वाटते, जितके पट जास्त तितकी दुर्बीण चांगली. पण पट वाढले की दिसणारे वर्तुळ लहान होते. लांबचे डुक्कर जवळ येते, आणि त्याच्या डावीउजवीकडचे सारे रान नजरेआड होते. .३१५ ची गोळी चुकली तर किलोमीटरभराहूनही दूर जाऊ शकते. त्या वाटेवर शेजारच्या शेतात माळ्यावर जागल करणारा कोणी असेल. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुले वेचणाऱ्या बाया असतील. संत थॉमस सांगतात की एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, एक इच्छिलेला आणि एक न इच्छिलेला, आणि गरजेपेक्षा जास्त बळ वापरले तर चांगला हेतूही कृतीला वाचवत नाही. शेतात बसलेल्या माणसाच्या भाषेत सांगायचे तर, डुकराच्या मागे काय आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याला चाप ओढण्याचा अधिकार नाही.

वनखात्याच्या बंदुकीलाही हेच लागू आहे. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री अवनी वाघीण गोळी घालून मारली गेली. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तरीही गोळी कोणी झाडली, कोणत्या परिस्थितीत झाडली, आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला काय, यावर वाद पेटला आणि प्रकरण न्यायालयात गेले. उलट २०२२ च्या ऑक्टोबरात वडसा भागातला सीटी-१ वाघ, ज्याच्यावर तितक्याच बळींचा आरोप होता, बेशुद्धीचे इंजेक्शन मारून जिवंत पकडला गेला. तेथेही नेम धरणारा माणूस होता. संकट तेवढेच मोठे असताना वेगळे साधन निवडता येते, हे आपल्याच गावांनी पाहिले आहे.

येथे आपल्यापैकी कोणी रागावून म्हणेल, "फादर, तुमचे शेत नाही, म्हणून तुम्हाला हे सुचते." हा राग न्याय्य आहे. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. २०२१ पासून गडचिरोलीच्या शेतांत रानटी हत्ती शिरत आहेत. ताडोबाचा वाघ पाहून शहरातला माणूस आनंदाने घरी जातो, आणि त्याच जंगलाची डुकरे धान खातात ते आपले. सुख एकाचे आणि खर्च दुसऱ्याचा ही वाटणी अन्यायाची आहे. २०१६ मध्ये चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारल्याबद्दल तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी उघड नाराजी व्यक्त केली, तेव्हा राज्याने मागितले म्हणून परवानगी दिली, असे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी सांगितले. दिल्लीत वाद रंगला. ज्याचे शेत उद्ध्वस्त झाले त्याचे नाव त्या वादात कोणी घेतले नाही. माधव गाडगीळ यांच्यासारख्या ज्येष्ठ पर्यावरणतज्ज्ञानेही सध्याचा वन्यजीव कायदा ग्रामीण माणसावर अन्याय करतो, असे स्पष्ट मांडले.

केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबत निर्णयाचा अधिकार पंचायतींकडे दिला. कोणाला मारण्यास सांगितले, कोणाच्या बंदुकीने, कोठे, याची तेथे नोंद राहते. सर्वांना तो मार्ग पटेल असे नाही. पण त्यातले एक तत्त्व आम्हाला महत्त्वाचे वाटते. गोळी गावाच्या वतीने सुटते, आणि तिचा जाब विचारता येतो. प्रत्येक घरात एक बंदूक यापेक्षा हे निराळे आहे.

कारण घरातली बंदूक केवळ डुकरासाठी राहत नाही. ती भांडणाच्या रात्री घरात असते. दारू प्यालेल्या भावाच्या हाताशी असते. कर्जाने खचलेल्या बापाच्याही हाताशी असते, आणि विदर्भात हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. गडचिरोलीत तर दोन पिढ्यांनी भरमार बंदुकीवरून दोन्ही बाजूंचा संशय सोसला. २०२५ च्या ऑक्टोबरात भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी तेथे शस्त्रे खाली ठेवली. माणसे बंदुका खाली ठेवत असताना आपण त्या उचलण्याची घाई करू नये.

तरीही ज्याला बंदूक घ्यायचीच आहे त्याने दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, दुसरे उपाय खरोखर करून पाहिले काय? सौर कुंपणाला, ज्याला आपण झटका मशीन म्हणतो, शासनाचे अनुदान मिळते. चार शेतकऱ्यांनी मिळून पाळीने जागल केली तर एकट्याचे जागरण चौथ्या हिश्शावर येते. दुसरा, परवानगीने मारलेले जनावर कायद्याने सरकारजमा होते. मटण आपल्याला मिळणार नाही हे कळल्यावरही बंदूक हवीशी वाटते काय? नसेल वाटत, तर ओढ पिकाच्या रक्षणाची नव्हती. तिसरा, गोळी चुकली आणि कोणाला लागली, तर त्या घरासमोर उभे राहून "मी झाडली" असे म्हणण्याची माझी तयारी आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा माणूस बंदुकीची किंमत विचारण्याआधी तिची जबाबदारी मोजतो.

आणि ज्यांचे शेत नाही अशा आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनाही आमचे एक सांगणे आहे. एकटा पडलेला शेतकरीच आकडा टाकतो. नुकसान झाल्याबरोबर वनखात्याला कळवणे, पंचनाम्याला हजर राहणे, अर्ज भरणे ही कामे पुष्कळांना अवघड वाटतात आणि त्यात मुदत निघून जाते. युवा मंडळाची मुले या हंगामात दर रविवारी मिस्सानंतर अर्ज भरून देण्यास बसतील. ज्यांच्या शेताभोवती आज तार आहे त्यांनी ती आज संध्याकाळीच काढावी, आणि काढल्यावर आम्हाला सांगावे. त्या रात्रीच्या जागलीला कोण येणार हे आपण मिळून ठरवू.

प्रभू आपल्या शेतांचे, आपल्या माणसांचे आणि आपल्या रानाचे रक्षण करो.

आपले धर्मगुरू