गाईड निवडताना

पीएच.डी.ची जाहिरात निघाली की सगळ्यात आधी उघडली जाते ती रिक्त जागांची यादी. कुठल्या केंद्रावर, कुणाकडे, किती जागा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. जागा मोजक्या, नेट-पेट काढून बसलेले उदंड. मग जिथे जागा तो आपला गाईड आणि तो सांगेल तो आपला विषय, अशी उलटी गंगा वाहू लागते. एकच ईमेल दिसेल त्या पत्त्यावर जातो. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’मधली तिरकी रेघ पुसायचेही कष्ट कुणी घेत नाही. उत्तर आलं नाही की निष्कर्ष तयार असतो: वशिला लागतो.

वशिला कुठेच चालत नाही, असं मी म्हणणार नाही. पण माणूस पारखायची सोय आज फुकट आहे, ती किती जण वापरतात? ‘शोधगंगा’वर गाईडचं नाव टाका, त्यांच्या हाताखालचे प्रबंध समोर येतात. आधी ऋणनिर्देश वाचा. ‘अमूल्य मार्गदर्शन’ सगळीकडे असतं, ते सोडून द्या. सरांनी तिसरं प्रकरण दोनदा परत पाठवलं, असं कुणी लिहिलेलं सापडलं तर तिथे थांबा. मग त्याच गाईडकडचे दोन-तीन प्रबंध शेजारी शेजारी ठेवा. जिल्ह्याचं नाव तेवढं बदललेलं आणि उद्दिष्टं, गृहीतकं, शिफारशी त्याच असतील, तर तिथे जागा रिकामी असली तरी अर्ज करू नये.

डॉ. आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपात आला. प्रस्तावना होती त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची. आंबेडकरांनी केलेली बरीचशी टीका आपल्याला पटत नाही, हे कॅनननी त्या प्रस्तावनेतच सांगून टाकलं, आणि तरीही त्यांच्या मांडणीतल्या ताजेपणाला दाद दिली. विद्यार्थ्याचं म्हणणं खोडायची मोकळीक गाईडला आणि गाईडचं न पटण्याची मोकळीक विद्यार्थ्याला, एवढं जमलं की संशोधन होतं. आपल्याकडे सरांच्या शब्दाबाहेर न जाणारा विद्यार्थी गुणी ठरतो, ही आपली जुनी खोड.

पीएच.डी.ला किमान तीन वर्षं जातात, बहुतेकांची त्याहून जास्तच. तेव्हा फॉर्म भरण्याआधी त्या गाईडच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा, विभागाबाहेर चहाला न्या आणि एवढंच विचारा: लिहून दिलेलं प्रकरण वाचून परत यायला किती दिवस लागतात, आणि सरांशी शेवटचा वाद कधी झाला होता?