ग्रीक वंशावळींतील नाममात्र स्त्रिया

ग्रीक पुराणकथांच्या वंशावळींत अशा शेकडो स्त्रिया आहेत, ज्यांच्या वाट्याला एक नाव आणि दोन-तीन नाती यांपलीकडे काहीही आलेले नाही : अमक्याची मुलगी, तमक्याची पत्नी, आणखी कोणाची आई. कोशांत त्यांना दोन ओळींची नोंद मिळते आणि वाचक त्या ओळी ओलांडून पर्सेउसच्या किंवा हेराक्लीसच्या पराक्रमाकडे वळतो. ही घाई महागात पडते. कारण आपले कोण, परके कोण आणि कोणत्या भूमीवर कोणाचा हक्क, हे प्रश्न प्राचीन ग्रीकांनी वंशावळींतून सोडवले आणि त्यांची उत्तरे पुष्कळदा याच नावांपाशी ठरली.

या दृष्टीने सर्वांत मोलाचा ग्रंथ म्हणजे प्राचीन परंपरेने हेसिअडच्या नावावर नोंदवलेली ‘स्त्रियांची नामावली’. पाच खंडांचे हे काव्य आज अखंड उपलब्ध नाही. इजिप्तमधील ऑक्सिरिंखससारख्या ठिकाणी सापडलेले पपायरसचे तुकडे आणि नंतरच्या लेखकांनी दिलेली अवतरणे यांवरून ते जुळवावे लागते. ‘ए होइए’, म्हणजे ‘किंवा जशी ती’, हे शब्द त्यात पुनःपुन्हा येतात आणि त्यांच्यासरशी एक नवी स्त्री व तिच्यापासून निघणारी वंशाची नवी शाखा पुढे येते. वंश पुरुषांच्या नावाने चालत असला, तरी त्याला फाटा फुटतो तो स्त्रीपाशी.

थुइया या स्त्रीचे उदाहरण येथे बारकाईने पाहण्यासारखे आहे. जलप्रलयातून वाचलेल्या ड्यूकॅलियनची ही मुलगी. तिला झ्यूसपासून मॅग्नेस आणि मॅकेडॉन असे दोन पुत्र झाले आणि ते ऑलिंपस पर्वताच्या परिसरात राहिले, एवढीच तिची माहिती ‘नामावली’च्या एका अवतरणात आहे, आणि ते अवतरण दहाव्या शतकातील बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याच्या ग्रंथामुळे टिकले. ड्यूकॅलियनचा मुलगा हेल्लेन हा समस्त ग्रीकांचा, म्हणजे ‘हेल्लेनीस’ म्हणवणाऱ्यांचा, मूळपुरुष. मॅकेडोनियन लोक ज्याच्यापासून झाले असे मानले जाई तो मॅकेडॉन त्यामुळे हेल्लेनचा मुलगा किंवा नातू न ठरता त्याचा भाचा ठरतो. भाचा घरचा असतो, पण कुळातला नसतो. मॅकेडोनियन ग्रीकांच्या निकटचे आहेत, तरी पुरते ग्रीक नाहीत, ही भूमिका वंशावळीने एका बहिणीच्या नावातून मांडली. पाचव्या शतकात (इ.स.पू.) हेल्लॅनिकस या लेखकाने मात्र मॅकेडॉनला हेल्लेनपुत्र ईओलसचा मुलगा केले. कॉन्स्टंटाइनने ही दोन्ही मते एकाच ठिकाणी दिली असल्यामुळे फरक लख्ख दिसतो : भाच्याचा थेट नातू झाला, कुळाचे दार उघडले आणि थुइयाची गरज संपली. मॅकेडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर ऑलिंपियाच्या स्पर्धेत उतरू पाहत असता इतर स्पर्धकांनी तो ग्रीक नाही म्हणून हरकत घेतली आणि आपले घराणे आर्गोसचे असल्याचे त्याला सिद्ध करावे लागले, असे हेरोडोटस सांगतो. त्या वादाच्या जगातच ही दोन्ही नाती अर्थपूर्ण ठरतात.

स्पार्टा नगरीच्या नावामागेही अशीच एक स्त्री आहे. पॉसेनिअसने नोंदवलेल्या परंपरेनुसार राजा युरोटसला पुत्र नव्हता. त्याने राज्य लॅसिडेमनला दिले, लॅसिडेमनने त्याची मुलगी स्पार्टा हिच्याशी विवाह केला, देशाला स्वतःचे नाव दिले आणि नगरीला पत्नीचे. बाहेरून आलेल्या राजाचा भूमीशी संबंध जोडला जातो तो या विवाहाने.

आईच्या नावाबाबत परंपरा जेव्हा एकमत होत नाही, तेव्हा तिचे महत्त्व अधिकच उघड होते. अपोलोडोरसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुराणसंग्रहात नॉप्लिअसच्या पत्नीची तीन नावे दिली आहेत : शोकांतिकाकारांच्या मते क्लिमेनी, ‘परतीचे प्रवास’ या महाकाव्याच्या कर्त्याच्या मते फिलिरा आणि कर्कोप्सच्या मते हेसिओनी. पिता तोच, पुत्र पॅलमिडीस तोच. बदलते ती आई. ही विस्मृतीची खूण समजून सोडून देता येत नाही. क्लिमेनी ही क्रीटच्या कॅट्रिअसची मुलगी, आणि तिची बहीण एरोपी ही अ‍ॅगमेम्नॉनची आई. शोकांतिकाकारांचे नाव स्वीकारले, तर ट्रॉयच्या छावणीत खोट्या पुराव्यावर दगडांनी ठेचून मारला गेलेला पॅलमिडीस सेनापती अ‍ॅगमेम्नॉनचा मावसभाऊ ठरतो, आणि न्याय मागायला आलेल्या नॉप्लिअसला रिकाम्या हाताने परतवणारी सत्ता त्याच्या स्वतःच्या नात्यातली ठरते. इतर दोन नावांनी हे नाते जुळत नाही.

यावरून प्राचीन ग्रीसमध्ये कधीकाळी स्त्रीसत्ता होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. बाखोफेनने 1861 साली ‘मातृहक्क’ या ग्रंथात पुराणकथांच्या आधारे तसा सिद्धान्त मांडलाही होता. पण नावाला महत्त्व असणे आणि ते नाव धारण करणारीला अधिकार असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अथेन्समध्ये पेरिक्लीसच्या इ.स.पू. 451च्या कायद्याने आई-वडील दोघेही नागरिक असल्याशिवाय अपत्याला नागरिकत्व मिळेना. तरीही तेथील न्यायालयीन भाषणांत प्रतिष्ठित घरातील हयात स्त्रीचे नाव उच्चारणे वक्ते सहसा टाळत आणि तिला अमक्याची मुलगी किंवा पत्नी म्हणत. जिच्यावर मुलाचे नागरिकत्व अवलंबून, तिचेच नाव झाकलेले. वंशावळीतल्या स्त्रियांची स्थिती याच जातीची आहे : त्यांच्यावाचून नाते सिद्ध होत नाही, पण ते कोणाशी जुळावे हे त्यांना कोणी विचारत नाही.

त्यांना नसलेली कथा बहाल केल्याने हा अन्याय भरून निघणार नाही. त्यांच्या नावाने कोणते काम करून घेतले गेले, हे नेमके सांगणे मात्र शक्य आहे आणि तेवढे ऋण अभ्यासकाने फेडलेच पाहिजे. वंशावळीत आईचे नाव बदललेले किंवा गळलेले दिसले, की त्या बदलाने कोण आत आला आणि कोण बाहेर राहिला, हे आधी विचारावे. थुइयाच्या दोन ओळी तेवढ्यासाठी पुरेशा आहेत.